कानोकोच्या नावाची हाक

तोक्यो, ९ मे १९८२

फुमिएताई,

कानोकोने डोक्यावर लाल हेल्मेट चढवलं, त्या क्षणी माझं सगळं बदललं.

हे वाचून तू चष्मा पुसशील आणि म्हणशील, हा पुन्हा काहीतरी घेऊन बसला. म्हणून नीट सांगतो. गेल्या रविवारी इकेबुकुरोला एका डिपार्टमेंट स्टोअरच्या गच्चीवर तिचा कार्यक्रम होता. शिराउमे कानोको. तू नाव ऐकलेलं नसणार. दीड वर्षात तिच्या तीन रेकॉर्ड निघाल्या आणि तिन्ही दुकानांच्या फळ्यांवर धूळ खात पडल्या. पण ती पांढरा फ्रॉक घालून माइकसमोर उभी राहिली, की आजूबाजूची खेळण्यातली आगगाडी, आइस्क्रीमची गाडी, पोरांचा गोंगाट, सगळं नाहीसं होतं. निदान माझ्यासाठी तरी.

रविवारी ती आली ती चंदेरी बूट घालून. मागून एक माणूस पुठ्ठ्याचा आणि पत्र्याचा रोबो होऊन चालत आला. तिने वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "मुलांनो, आजपासून मी रायगोरानचं गाणं म्हणणार!" रायगोरान म्हणजे दर शुक्रवारी संध्याकाळी टीव्हीवर लागणारं नवीन कार्टून. मग तिने ते हेल्मेट घातलं. ताई, मी कठडा धरून उभा राहिलो. ज्या मुलीने मोठ्या माणसांसाठी गायचं, तिला कंपनीने पोरांपुढे माकड करून उभं केलं!

तिचं-माझं काय आहे ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. तिला माझी किंमत आहे, एवढंच समज.

आणि हो, कॉलेज मी नोव्हेंबरातच सोडलं. मी वर्गात असलो काय नि नसलो काय, अर्थशास्त्राचं काही अडत नव्हतं. कानोकोच्या कार्यक्रमाला मात्र मी नसून चालत नाही. पहाटे मासळीबाजारात बर्फाच्या लाद्या उचलतो, बाकीचा दिवस माझा. बाबांना सांगू नकोस.

कात्सु


कुरायोशि, २० मे

चि. कात्सु,

चष्मा पुसला. दोनदा वाचलं.

मुलगी कुठली? घरी काय करतात? आईवडील आहेत का? या वयात या गोष्टी कुणी विचारल्या की राग येतो हे मला माहीत आहे, तरी विचारते. आणि तिने हेल्मेट घातलं तर तुझं काय बिघडलं? बाबा दिवसभर गुडघ्यांवर बसून घराघरांच्या चटया शिवतात. आईने म्हणून काही लग्न मोडलं नाही.

आता माझी गंमत ऐक. आमच्या बालवाडीत गेले पंधरा दिवस एकच गाणं चालू आहे. डबा उघडायच्या आधी, हात धुताना, रांगेत, झोपायच्या वेळी अंथरुणात तोंड खुपसून. पहिल्या दोन ओळी झाल्या की सगळी पोरं थांबतात, मुठी वर करतात आणि ओरडतात, राय-गो-रान! मग पुढची ओळ. योहेई नावाचा एक मुलगा आहे. "हा बोलतच नाही हो," म्हणून त्याची आई माझ्याकडे यायची. आता ती पुन्हा येते, "जरा गप्प करा हो याला" म्हणून.

काल एका मुलीने घरून ती रेकॉर्ड आणली. पाकिटभर रोबो, आणि गाणाऱ्या बाईचं नाव कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढं. मुख्याध्यापिकांचं भिंग आणून वाचलं. शिराउमे कानोको.

हीच का रे ती?

फुमिए


तोक्यो, ३ जून

ताई,

हीच.

आणि तू ते इतक्या कौतुकाने लिहिलंस की माझ्या डोक्यात तिडीक गेली. ती मुठी वर करण्याची जागा कुणाची आहे ठाऊक आहे का तुला? आमची!

तुला पहिल्यापासून सांगायला हवं. आम्ही अकरा जण आहोत. पाठीवर तिचं नाव लिहिलेले, जत्रेत घालतात तसे निळे हाप्पी कोट, कपाळाला पट्टी. मी कप्तान. दर बुधवारी बागेत सराव करतो, पोलीस दोनदा येऊन गेले. तिच्या गाण्यांमध्ये दोन ओळींनंतर वाद्यं क्षणभर थांबतात. त्या रिकाम्या जागेत आम्ही हाक मारतो, का-नो-को! सगळे एका दमात, पण पुढे आवाज माझा. आणि हाक मारली की ती मान वळवते आणि बघते. गर्दीत नाही, हवेत नाही, माझ्याकडे. मग पुढची ओळ उचलते. दीड वर्षात एकदाही चुकलेली नाही. ऊन असो, वारा असो, आम्ही सोडून समोर पाचच माणसं असोत. याला काय म्हणतात ते तूच सांग. (बोलणं अजून झालेलं नाही. पण बोलायला लागतंच असं कुठे आहे?)

या नव्या गाण्यातही ती जागा आहे. पण कंपनीने ती रोबोसाठी ठेवली. तिच्या नावाच्या जागी त्या पत्र्याच्या डबड्याचं नाव! टीव्हीवर गाणं लागतं तेव्हा पडद्यावर तिचा चेहराही दिसत नाही, नुसतं ते डबडं उडत असतं. अख्ख्या देशातली पोरं तिचा आवाज दर शुक्रवारी ऐकतात आणि तिला रस्त्यात कुणी ओळखत नाही.

पण आम्ही मेलेलो नाही. येत्या रविवारी पुन्हा इकेबुकुरो. पोरं ओरडू देत, आम्ही त्यांच्यापेक्षा मोठ्याने ओरडणार. कंपनीच्या माणसांना कळू दे की गाणाऱ्याला नाव असतं.

कात्सु


कुरायोशि, १० जुलै

चि. कात्सु,

दोन पत्रं पाठवली, एकाचंही उत्तर नाही. त्या रविवारी काय झालं? की घसा बसला म्हणून हातही बसला?

"बोलणं अजून झालेलं नाही" हे तू कंसात लिहिलंस. कंसात! अरे, मी तिच्या घरी नाशपातींची पेटी पाठवायची म्हणून बागवाल्याला सांगून ठेवलं होतं. पत्ता तेवढा विचारायचा राहिला होता.

रागावत नाही. पण दोन गोष्टी सांगते.

पहिली. बाबांना ठाऊक आहे. कॉलेजचं पत्र जानेवारीतच आलं होतं. त्यांनी वाचलं, घडी घालून ठेवलं आणि पुन्हा चटई शिवायला बसले, ते आजवर कुणाला बोलले नाहीत. परवा मीच धीर करून विषय काढला, तर म्हणाले, "ती पोरगी गाते तरी बरी का?" मी शाळेतली रेकॉर्ड आणून लावली. शेवटपर्यंत ऐकली. म्हणाले, "बरी गाते. त्याला लिही, घसा जप म्हणावं." काल न्हाणीघरात तेच गाणं गुणगुणत होते. रोबोच्या नावापाशी थांबत नाहीत एवढंच, सरळ पुढे जातात.

दुसरी. ऑक्टोबरात गावातल्या सगळ्या बालवाड्या मिळून नगर सभागृहात मुलांसाठी कार्यक्रम करणार आहेत. जादूगार बोलवायचा की रायगोरानची गायिका, यावर बैठकीत बराच वाद झाला. जादूगाराच्या बाजूने बोलणाऱ्या बाईंचे मेहुणेच जादूगार आहेत. मी गायिकेसाठी हात वर केला आणि गायिकाच ठरली. तुझ्यासाठी नाही, पोरांसाठी. थोडा तुझ्यासाठीही.

आता लिही.

फुमिए


तोक्यो, १५ ऑगस्ट

ताई,

पितरांच्या सणाला घरी आलो नाही. आईच्या फोटोपुढे माझ्या वाटची उदबत्ती लाव. बाबांना तोंड दाखवायची छाती नव्हती, खोटं कशाला सांगू.

त्या रविवारी असं झालं. दोन ओळी झाल्या, पोरं ओरडली, आम्ही ओरडलो. दुसऱ्या कडव्याला पोरं जास्त ओरडली, आम्ही त्याहून जास्त. पुढे बसलेली लहान पोरं रडायला लागली. तेवढ्यात तो रोबो स्टेजवरून उतरला, माझ्या छातीवर पत्र्याचा पंजा ठेवला आणि आतून म्हणाला, "ए पोरा, खाली जा." मी ढकललं. फार जोरात नाही. पण त्याचं मुंडकं निघालं आणि गडगडत आइस्क्रीमच्या गाडीखाली गेलं. आत एक टकलू काका, डोक्याला घामाने भिजलेला पंचा. मग एक मुलगी किंचाळली, "रायगोरान मेला!" त्यानंतर काय झालं ते विचारू नकोस. कार्यक्रम तिथेच बंद पडला. एका चार वर्षांच्या पोराने माझ्या पायावर बुक्क्या मारल्या. मी मारू दिल्या.

जुलैच्या शेवटी तिने मला बोलावून घेतलं. स्टोअरच्या मागच्या जिन्यात, जिथे रिकामी खोकी रचलेली असतात तिथे. हेल्मेट काखेत. जवळून ती बरीच बुटकी आहे.

म्हणाली, "कप्तान, तुमचं नाव काय हो?"

दीड वर्ष, ताई! मी सांगितलं.

"मिझुकोशिसान, मला तुमच्यावर ओरडायला पाठवलंय. मला ओरडता येत नाही, म्हणून नुसतं सांगते. आणखी एकदा असं झालं, तर कंपनी माझ्या जागी दुसरी आणणार. हेल्मेट काय, कुणाच्याही डोक्यावर बसतं."

"आणू दे की! सुटाल तुम्ही. तुम्ही तुमची गाणी गा."

"माझी गाणी ऐकतंय कोण?"

"मी ऐकली. सगळी."

"तुम्ही ऐकलीत? तुम्ही तर ओरडत होता."

मग जे विचारायला नको होतं तेच विचारलं. म्हटलं, मग त्या जागेवर तुम्ही माझ्याकडे बघायच्या, ते काय होतं?

आधी तिला कळलंच नाही. मग कळलं, तोंडावर हात ठेवून हसली. माझा चेहरा बघून थांबली. म्हणाली, "मला ताल मोजता यायचा नाही. वाद्यं थांबली की पुन्हा कधी सुरू करायचं ते कळायचं नाही. तुमची हाक संपली की मी सुरू करायची. तुमचं तोंड मोठं उघडतं ना, ते मिटलं का बघत असे."

"आणि आता?"

"आता पोरं आहेत. ती कधीच चुकत नाहीत." मग कमरेत वाकून म्हणाली, "दीड वर्ष मला वेळेवर सुरू करून दिलंत. फार आभारी आहे. पण आता ओरडू नका. हे मला टिकवायचंय, मिझुकोशिसान. मला पहिल्यांदाच कुणीतरी पुन्हा बोलावतंय."

तिचा निरोप तुला जसाच्या तसा लिहिला. पण मला त्यातलं अर्धंही खरं वाटत नाही. कंपनीने पढवून पाठवलेलं सगळं! जिन्याच्या वर तिचा मॅनेजर उभा होता, त्याचे बूट मला दिसत होते. ऑक्टोबरात ती येणार ते कुरायोशि माझं गाव आहे. तिथून मला कोण हाकलतं तेच बघतो. आम्ही अकराही जण येतोय.

कात्सु


कुरायोशि, २५ ऑगस्ट (पोस्टकार्ड)

अकरा जणांना अंथरुणं नाहीत. एकटा ये. हाप्पी कोट आणू नकोस. आणि मी मॅनेजर नाही, माझ्या बुटांकडे बघायची गरज नाही, म्हणून स्पष्ट लिहिते: ती खरं बोलली आहे. तुझ्यापुढे वाकून तिने स्वतःची भाकरी मागितली. ती तू तिला देतोस की नाही, एवढंच आता उरलंय. तुझं प्रेम आहे की नाही हे मला विचारू नकोस, मला त्यातलं कळत नाही.

फुमिए


कुरायोशि, १२ ऑक्टोबर

चि. कात्सु,

तू आला होतास. नाही म्हणू नकोस, बाजूच्या दाराजवळच्या रांगेत योहेईच्या शेजारी बसला होतास. मला दिव्याच्या उजेडात तुझे कान दिसले. ते कान आपल्या घराण्यात कुठेही ओळखू येतात.

कार्यक्रम चांगला झाला. मुख्याध्यापिकाबाईंनी सुद्धा मूठ वर केली. केली आणि लगेच केस सारखे केल्यासारखं केलं. कानोकोबाई नंतर सगळ्या मुलांशी हात मिळवत बसल्या. मी शेवटी गेले, तर त्यांनी मला विचारलं, "तुम्ही इथल्याच का?" मी म्हटलं हो. आडनाव सांगितलं नाही. कंपनीच्या माणसाने निघताना सांगितलं, वसंतात दुसरं कार्टून येतंय, तेही गाणं यांच्याकडेच आहे.

पण मला एक विचारायचंय. रोबोचं गाणं दोनदा झाल्यावर त्यांनी हेल्मेट काढलं आणि म्हणाल्या, "आता मोठ्यांसाठी एक. हे माझं पहिलं गाणं, फारसं कुणी ऐकलेलं नाही." त्यात मधे वाद्यं थांबली आणि सभागृहात एकदम शांत झालं, तेव्हा मी खुर्चीचा दांडा धरला. म्हटलं, आता हा ओरडतो. ओरडला नाहीस. आणि मग गाणं संपायच्या आत उठून गेलास. घरीही आला नाहीस. बाबांनी तुझं अंथरूण घालून ठेवलं होतं, सकाळी स्वतःच गुंडाळलं.

का गेलास?

फुमिए


तोक्यो, २० ऑक्टोबर

ताई,

बाबांना सांग, वर्षाखेरीला नक्की येतो, स्वतः अंथरूण घालीन. कॉलेजचं अजून काही ठरलेलं नाही, ते विचारू नका. बर्फाचं काम चालू आहे. बाकीच्या दहा जणांचे कोट मी धुऊन ज्याचे त्याला दिले. त्यांतले दोघे माझ्याशी बोलत नाहीत. मी निघालो तेव्हा ते सगळे इथल्या स्टेशनवर आले होते, पट्ट्या बांधून. मी तिथूनच परत पाठवलं. का म्हणून विचारलं तेव्हा तोंडात आलं ते सांगितलं, ताईकडे अंथरुणं नाहीत.

पण मी शहाणा होऊन आलो होतो असं समजू नकोस. मी ओरडायलाच आलो होतो. एकटा. रात्रभर गाडीत तोच हिशेब, की सातशे पोरांच्या आवाजात माझा एकट्याचा कंपनीला काय कळणार? पण तिला कळेल. ती मान वळवेल. मग बघू तिला माझी गरज आहे की नाही.

रोबोच्या गाण्यात तोंड उघडायला मिळालंच नाही. शेजारच्या पोराने, तो तुझा योहेई होता हे मला तुझ्या पत्रावरून कळलं, माझं मनगट धरलं आणि म्हणाला, "काका, मूठ!" मी एकवीस वर्षांचा आहे, ताई. मी मूठ वर केली. त्याचा आवाज असा की माझा कान अजून वाजतोय. कप्तान म्हणून सांगतो, त्या पोराला बुधवारच्या सरावाची काही गरज नाही.

मग तिचं पहिलं गाणं. मला वाटलं, हे माझ्यासाठी आहे. आणखी कुणासाठी असणार? त्या सभागृहात ते गाणं माहीत असलेला मी एकटाच. दोन ओळी झाल्या, वाद्यं थांबली. पोरांना माहीतच नाही की इथे काही ओरडायचं असतं. एक शिंक ऐकू आली, मग तीही नाही. माझं तोंड उघडलेलं होतं. तिच्या नावाचं पहिलं अक्षर जिभेवर होतं. माझ्या मनात आलं, आत्ता हाक मारली नाही तर ती अडकणार, सगळ्यांपुढे फजिती होणार, आणि मारली तर ती वळणार. तू म्हणशील, या दोनांतला एक विचार चांगला होता. दोन्ही माझ्याच सोयीचे होते.

ती कुणाकडेच बघत नव्हती. मान खाली. डाव्या हाताची बोटं मांडीवर हळूच आपटत होती. एक, दोन, तीन. आणि तिने ओळ उचलली. बरोबर जागेवर. आमच्या हाकेवर उचलायची त्याहून बरोबर.

मी तोंड मिटलं. आणि मग मला पुढचं कडवं ऐकू आलं. ते पूर्वी कधी ऐकलंच नव्हतं, कारण तोवर आम्ही पुढच्या हाकेसाठी श्वास भरत असायचो. दीड वर्ष मी सगळ्यांना सांगत होतो की ते गाणं समुद्राचं आहे. ते समुद्राचं नाहीच. कपडे वाळत घालणाऱ्या मुलीचं आहे. तिच्या हातून एक मोजा खाली रस्त्यावर पडतो आणि तो आणायला खाली जाऊ की नको, एवढंच तिला ठरवायचं असतं. इतकं साधं. आणि ती ते इतकं हळू गाते, की ऐकायला गप्पच बसावं लागतं.

तू विचारतेस का गेलास. त्या गाण्याच्या शेवटी तीनदा हाक असते. एकदा गप्प बसलो होतो. लागोपाठ तीनदा बसणं मला जमलं नसतं, मी मला ओळखतो. म्हणून शेवटची ओळ सुरू होताच उठलो. योहेईने खाऊची पुडी माझ्या मांडीवर ठेवली होती, ती खुर्चीवर ठेवली. वाकून, कुणाच्या आड न येता, बाजूच्या दारापर्यंत गेलो. ते दार तुला माहीत आहे, सोडून दिलं की आपोआप मिटतं आणि धाडकन आपटतं. आधी गेलेल्या दोन-तीन आयांनी ते तसंच आपटू दिलं होतं. मी बाहेर पाऊल टाकलं, वळलो, दोन्ही तळवे दाराला लावले, आणि तिचा आवाज एका रेघेएवढा उरेपर्यंत हळूहळू मागे येऊ देत, आवाज न करता लावून घेतलं.